डाव्या गुडघ्याचा फोटो

"अहो, तोंडाचा नाही, गुडघ्याचा फोटो काढायचाय," डॉक्टर चिंतामणराव म्हणाले.

फोटोसाठी मुद्दाम बांधलेला नवा फेटा सहदेवने मुकाट्याने सोडून उशाशी ठेवला. अमरावतीच्या त्या दवाखान्यात एक्स-रेचं यंत्र नुकतंच आलं होतं आणि डॉक्टर त्याच्या इतके प्रेमात होते की, सर्दी झालेल्यालाही आडवं करायला त्यांनी मागेपुढे पाहिलं नसतं.

सहदेवची बायको तानुबाई बाहेर छकड्यातच बसून होती. कंपाउंडर वामनरावांनी दोनदा बोलावलं, तरी उतरली नाही. परक्या पुरुषाच्या दवाखान्यात पाऊल टाकायचं नाही, हा तिचा जुना हट्ट. तिथूनच ती ओरडली, "काही लपवू नका! सारं सांगजा!"

"दुखतं कधी?" डॉक्टरांनी विचारलं.

"चुलीपाशी बसलं का कळ निंगते. जात्यावर बसलं का त इचारूच नका."

"तुम्ही जात्यावर बसता?"

"घरचं काम कोनाले चुकलं, सायेब?"

डॉक्टरांना हा वलगावचा फुलमाळी भलताच आवडला. त्यांनी गुडघा दाबला. "इथे दुखतं?"

"अठी नाई दुखत. वलगावले दुखते."

डॉक्टर खो खो हसले. "उजव्याचाही काढू का फोटो?"

"नाई. उजवा भला हाय. डावं अंग बायकोचं असते, भटजीनं लग्नातच सांगतलं."

"वा! म्हणजे दुखणं तेवढं बायकोच्या नावावर!"

सहदेव हसला नाही. "सायेब, नात तापातून उठली. नवरात्रात अंबादेवीले पायी येयाचा नवस हाय. गुडघ्यानं दगा देल्ला त देवीले कोन्तं तोंड दाखवाव?" नवरात्राला वीसच दिवस उरले होते.

डॉक्टरांनी ओला फोटो उजेडात धरला. हाडं ठणठणीत होती. पण गुडघ्याच्या वाटीखाली एक बारीक पांढरी रेघ दिसत होती.

"सुई! हार ओवायची मोडकी सुई. कधी रुतली, आठवतं?"

"नाई बा. मले त पत्ताच नाई."

वामनराव मागून हळूच म्हणाले, "साहेब, फोटोत दिसलं म्हणजे तेच दुखत असेल असं नाही. सुया अंगात वर्षानुवर्षं पडून राहतात."

"वामनराव, तुम्ही पट्ट्या कापा."

"हे काढली का कळ जाईन?" सहदेवने विचारलं.

"शंभर टक्के."

"मंग काढा."

डॉक्टरांनी जागा बधिर केली, तरी कापायचं म्हटल्यावर सहदेवला दरदरून घाम फुटला. त्याने डोळे मिटून "अंबे, अंबे" चालू ठेवलं, पण पाय तसूभर हलवला नाही. सुईचा तुकडा तबकात टणकन पडला तेव्हा डॉक्टरांना स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली.

पट्टी बांधून झाली. डॉक्टरांनी ऐटीत विचारलं, "बोला, गेली कळ?"

"थांबा सायेब, इचारून सांगतो."

फेटा उशाशीच विसरून सहदेव लंगडत लंगडत दारापर्यंत गेला आणि छकड्याकडे पाहून मोठ्या आशेने ओरडला,

"काव, जराशी उतरून पाह्य बरं! तुह्या गुडघ्याची कळ गेली काय?"