रंगाखाली

"माझे मिस्टर हिच्यासकटच बुडाले. लोक म्हणतात, प्यायलेले होते. आयुष्यात कधी थेंबाला शिवले नाहीत हो," होडीच्या काठावर हात ठेवून बाई म्हणाली. नुसता चकचकीत रंग बघून नवऱ्याने ती जुन्या बाजारातून घेतली होती. आता विकायची, म्हणून डागडुजीला आणली होती.

मिस्त्रीने तळाचा रंग खरवडला. खाली बोटभर रुंद भेग होती. फळी न बदलता कुणीतरी तिच्यात पुट्टी कोंबून वरून रंग फासला होता. पाण्याने ती पुट्टी अर्धीअधिक निघून गेली होती.

"ताई, दारूबिरू काही नाही. कुणा कामचोराने तुमच्या मिस्टरांचा जीव घेतलाय," मिस्त्री भडकून म्हणाला. "असल्यांचे हात कलम केले पाहिजेत."

वर्षभरात पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या बाजूने बोललं होतं. तिने पदराने डोळे पुसले.

"भाऊ, कोणी केलं ते कळेल का हो?"

मिस्त्री खाली वाकला. उरलेल्या पुट्टीवर ती दाबणाऱ्या अंगठ्याचा ठसा होता. त्या अंगठ्याला टोक नव्हतं.



आपला थोटा अंगठा मुठीत दडवून मिस्त्री दुसऱ्या हाताने ठशावर पॉलिश पेपर घासू लागला.

"नाही कळायचं, ताई."