गल्लीतून गेलेली रेषा

महापालिकेच्या नव्या प्रभागरचनेचा नकाशा माझ्या मुलाने, निरंजनने, जेवणाच्या टेबलावर पसरला. प्रभागाची रेषा रहाटणीतील आमच्या गल्लीच्या मधोमध गेली होती. आमचे घर एका प्रभागात, तर समोरच्या अंबुबाईंचे दुसऱ्यात. त्यांचा सार्थक गेल्या दोन्ही निवडणुकांत निरंजनच्या विरोधात उभा होता.

"समोरच्या घरातली सगळी मतं गेली, आई! पेढे आणतो."

मी चष्मा लावून ती रेषा निरखली. हमरस्ता सोडून ती आमच्याच दारापाशी का वळावी, याचे मला मोठे कुतूहल वाटले.

"ही बदलून घेता येते का रे?"

"हरकत घेता येते. पण कशासाठी?"

"अंबुबाई आपल्या प्रभागात हव्यात. त्यांचं मत तुलाच असतं."

"काहीतरीच काय! पोटचा मुलगा सोडून मला?"

"दोन्ही वेळा. आपल्या मतामुळे मैत्रिणीचा मुलगा पडू नये, म्हणून."

निरंजनला भरून आले. "किती मोठ्या मनाची बाई!" तो म्हणाला. मग एकाएकी थबकला. "आणि आई, तू?"

मी नकाशाची घडी घातली.

"सार्थकचंही एक मत गेलं म्हणायचं."