पाच धाकू

ठाण्याच्या कॉलेजात त्या वर्षी डेटाबेस हा विषय नवा होता. पहिलं प्रात्यक्षिक सोपं होतं: आपल्या वस्तीतल्या वीस माणसांच्या नोंदी कॉम्प्युटरवर भरायच्या. वनिता तांडेलने आपला कोळीवाडा भरला.

१. धाकू तांडेल, मासेमारी.
२. धाकू तांडेल, मासेमारी.
३. धाकू तांडेल, मासेमारी.
चौथा तोच. पाचवाही.

"एकच ओळ पाचदा कॉपी केलीस. मला काय कळत नाही?" अभ्यंकर सर म्हणाले.

"सर, खरंच पाच आहेत. आजोबांचं नाव धाकू. पाचही काकांनी आपापल्या थोरल्याला तेच ठेवलंय."

"अस्सं! मग मी स्वतः जाऊन बघतो. खोटं निघालं तर जर्नलवर सही नाही."

सहीशिवाय परीक्षेला बसता येत नव्हतं.

रविवारी सर प्रिंटआउट फाइलला लावून कोळीवाड्यात फिरले. सोमवारी जर्नल बिनसहीचं परत आलं.

"तिथे एकही धाकू नाही. दारोदार विचारलं मी. आणि तू नक्की राहतेस तरी कुठे?"

वनिता रडतच घरी आली. आवडाकाकी ओट्यावर सुकट निवडत होती.

"रडतंस कशाला गो? काल एक साहेब फाइल घेऊन आलेला, सगळ्यांची नावं लिहून. घरं पाडायची नोटीस असणार. तो दारी यायच्या आधीच म्या पाची पोरांना नि साऱ्या वाड्याला सांगून ठेवलं, धाकू इथं नाय म्हणायचं."

मग काकी अभिमानाने हसली. "तुजं पण नाव विचारलं त्यानं. म्हटलं, असली कोण पोरगीच नाय आमच्यात."