सोबतीला कोण?

“सोबतीला कोण आहे?” गाडीच्या दारातून कंडक्टरने विचारलं.

गेले दोन दिवस याच प्रश्नावर त्याने उमाला पालीच्या थांब्यावर ठेवून गाडी सोडली होती. करोनात कुणी कुणाला शिवत नाही, अंध बाई पडली तर हात कोण देणार, असं त्याचं म्हणणं. बरोबर डोळस माणूस असेल तरच चढायचं. रिक्षावाले तर काठी बघूनच लांबून जात. उमा रत्नागिरीच्या एका इस्पितळात फोनवर बसायची. खाट आहे का, आमचं माणूस कसं आहे, दिवसभर हेच. आज हजर झाली नाही तर तिच्या खुर्चीत दुसरं कुणी बसणार होतं. इतकी वर्षं एकटीने ये-जा केलेल्या उमाचं डोकं नुसतं तापलं होतं. पण हटेल ती उमा कसली? शाळेपासूनच्या मैत्रिणीला, सोनूबाईला तिने फोन केला. तिलाही रत्नागिरी गाठायची होतीच.

“मी आहे,” उमाचा दंड धरून उभी असलेली सोनूबाई म्हणाली.

“मग तुम्ही पुढे व्हा. त्यांना वर घ्या.”

“तिची काठी पुढे असते, मी मागे. आमचं आम्हाला कळतं. तू आधी तो मास्क नाकावर घे. हनुवटीला काय सर्दी झालीय?”

गाडीत कुणीतरी हसलं. “बसा, बसा,” कंडक्टर मास्कच्या आतून पुटपुटला.

हातखंब्याला पोलीस गाडीत चढला. “एका बाकावर दोघी कशा?”

“आंधळी आहे ती,” सोनूबाई म्हणाली. “सोडू हात? पडली तर तुम्ही उचला.”

पोलीस गुपचूप खाली उतरला. उमाने मास्कमध्ये हसू दाबलं.

रत्नागिरीला दोघी उतरल्या तोवर कंडक्टर पार नरमला होता. “ताई, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून यांचं चालतं. सांभाळून न्या.”

“नेते,” सोनूबाई म्हणाली.

गाडी वळली. तिचा आवाज विरेपर्यंत दोघी हात धरून तशाच उभ्या राहिल्या.

मग सोनूबाईने पिशवीतून आपली घडीची पांढरी काठी काढली आणि झटकून सरळ केली. “जरा दरडावून बोलायला शीक. आवाज मोकळा आला की मास्क हनुवटीला, एवढं तर तुलाही कळतं,” ती उमाला म्हणाली. “संध्याकाळच्या गाडीला मी आंधळी, तू डोळस.”