न पटलेली आई

"ही आई मला मुळीच पटलेली नाही," शैला म्हणाली आणि तिने ते जाडजूड पुस्तक टेबलावर पालथं ठेवलं. "निम्म्यावर सोडून दिलं मी."

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या लायब्ररीतल्या त्या खोलीत सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. शैलाने पुस्तक अर्धवट सोडणं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवणं. फँटसी वाचणाऱ्या मराठी मंडळींचा हा गट तिनेच सुरू केला होता आणि तिच्या तावडीतून आजवर एकही लेखक सुटला नव्हता. मागच्या महिन्यातला राजपुत्र घोड्यावरून अख्खं वाळवंट ओलांडून गेला. घोडा पाणी कधी प्यायला, एवढंच तिने विचारलं. त्याआधीच्या कादंबरीत डोंगराएवढा ड्रॅगन होता. "त्याला रोज खायला कोण घालतं? आणि नंतरचं साफ कोण करतं?" असं म्हणून तिने त्या ड्रॅगनची पार शेळी करून टाकली होती.

"काकू, पण बॅटल सीन्स काय कमाल आहेत यार!" यतीन म्हणाला. तो मूळचा नागपूरचा, इथे गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहायचा. लढाई असली की त्याला कुठलंही पुस्तक चालायचं.

"लढाई असू दे. पण ही आई! मुलगी एवढी शूर, आणि ही बया तिला एका शब्दाने शाबास म्हणत नाही. नुसती बोलते टाकून. इतकी कोरडी आई असते का कुठे?"

तिचा आवाज नको तितका चढला होता. दुखणं घरचं होतं. तिच्या लेकीने, केयाने, दोन वर्षांपूर्वी चांगली नोकरी सोडली होती, काहीतरी वेगळं करायचंय म्हणून. त्या दिवशी शैला जे बोलली ते बोलली. तेव्हापासून केया फोन करायची, पण बोलणं बर्फ पडला का, याच्या पुढे जायचं नाही. वेगळं म्हणजे काय, हे हिने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. लोकांनी विचारलं की शैला "कन्सल्टिंग करते" म्हणून मोकळी व्हायची. पोरगी आपल्याला कायमची तुटली तर, या भीतीने मात्र तिचा जीव पोखरला होता.

"तुम्ही पुढे वाचायला हवं होतंत, शैलाताई," पद्मिनी म्हणाली. ती शाळेत शिकवायची आणि पुस्तक संपवूनच यायची. "पुढे तर खरी गंमत आहे. ऐका."

आणि तिने सांगितलं. उद्या लढाई. मुलगी झोपलीय असं समजून आई तिच्या उशाशी येते. मुठीत मीठ-मोहरी घेते आणि तिच्यावरून ओवाळते. मुलगी जागीच असते, पण डोळे मिटून पडून राहते. उघडले तर आई थांबेल, म्हणून.

"अगं, ही तर दृष्ट काढतेय!" यतीन म्हणाला.

"तेच तर! आणि वर प्राचीन भाषेतला महामंत्र. काय आहे माहितीये?" पद्मिनीला हसू आवरेना. "इडली पीडा टळो!"

सगळी खोली हसून लोटपोट झाली. यतीनने विचारलं, दृष्ट काढायची होती की नाश्ता करायचा होता? लिहिणारी कुणीतरी गोरी बाई असणार, असं पद्मिनीने ठरवून टाकलं. अर्धवट काहीतरी ऐकलं आणि दिलं ठोकून. नाव म्हणे रोवन पेल, आणि मागे साधा फोटोही नाही. मग सगळ्यांनी शैलाकडे पाहिलं. आता ही बाई लेखिकेची सालटी काढणार, याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

शैलाने पुस्तक पद्मिनीच्या हातून ओढून घेतलं. चष्मा लावला. ते पान स्वतः वाचलं, मग पुन्हा वाचलं. मिटल्या डोळ्यांच्या त्या ओळीवर तिचं बोट थांबलं. तिचा ऊर असा भरून आला की चष्मा काढावा लागला, पण डोळे पुसताना मान मात्र ताठ होती.

"काय हो, शैलाताई?" पद्मिनी अजून हसतच होती. "इडली नाही, इडा म्हणतात, हे छापायच्या आधी कुणीतरी सांगायला नको होतं का तिला?"

"मी सांगितलं होतं की," शैला म्हणाली. "चार वर्षांची होती तेव्हा. पण ऐकेल तर ती माझी केया कसली!"