वरच्या सुराआधी

आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी नवरदेवासाठी विहिरीचं पाणी वाजतगाजत आणतात. त्यासाठी नवरदेवानेच, माझ्या शॉनने, बापाचं गाणं नाचायचं करून आणलं. माझा नवरा विन्सेंट ते गाणं चर्चच्या पटांगणात डोळे मिटून, संथ गायचा, तेव्हा दहिसरचं अख्खं गावठाण गप्प व्हायचं. आता त्याच्याच कॅसेटमधल्या आवाजाखाली ढोल बडवले होते. पोरं नाचायला लागली. मी स्पीकरची वायर उपटली. "मम्मी, लोक नाचायला येतात, रडायला नाही." "नाचा ना, कोण अडवतंय? पण तुझा बाप वरच्या सुराआधी श्वास घेतो, तो कुठाय?" "अगं, ती खरखर होती. साफ केली." "खरखर? तो गेल्यापासून तेवढं ऐकायला मी रोज कॅसेट लावते." मी वायर शॉनच्या हातात कोंबली. "श्वास परत घाल. तुझा बाप श्वास घेईल तेव्हा एकानेही पाय हलवायचा नाही."