मांडवातली जागा

मस्कतला स्वयंपाकाच्या कामाला गेलेल्या विधवा आशाने पन्नाशीत तिथल्याच ड्रायव्हर थॉमसशी लग्न केलं, तेव्हा निमगाव सावाहून आईचा, ठमाबाईंचा, एकच फोन आला. "ह्या वयात लगीन? आता माझं तोंड बघू नको."

पण लेकीचं मन कुठं ऐकतंय! गावच्या सप्त्याचं कीर्तन मोबाइलवर लाइव्ह दिसायचं, आणि मांडवाच्या पहिल्या खांबाला टेकून बसलेली आई तिला रोज डोळे भरून बघता यायची.

आज काल्याचं कीर्तन, आणि खांबापाशी आई नव्हती. आशाने घाईघाईने फोन लावला. आई फोन उचलेना, भावाने तर नंबरच ब्लॉक केलेला. थॉमसचा हात घट्ट धरून ती हुंदके देऊ लागली. "पांडुरंगा, शेवटचं बघणंबी नशिबात नाय का रं?"

हंडी फुटली आणि महाराज माइकवर म्हणाले, "माउली, जेवल्याबिगर कुणी उठायचं नाय. आजची पंगत ठमाबाईंची. लेकीचं लगीन झालं, पण गावाला जेवण घालायचं राहून गेलं म्हणाल्या. म्हातारी पहाटेपासून चुलीपुढं बसलीय."